फुकटची लायब्ररी पारखून घेताना : नववीच्या वर्गातला एक पाठ

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की हल्ली प्रत्येक शाळेत 'स्मार्ट होम' नावाचं एक तरी मॉडेल असतंच. पुठ्ठ्याचं घर, त्यात दोन दिवे, एक छोटा पंखा, आणि मोबाईलवर बोट ठेवलं की दिवा लागतो. पाहुणे खूश होतात. प्रोग्राम कुणी लिहिला असं विचारलं तर मुलं सरळ सांगतात, "नेटवरून घेतला सर." त्यात वाईट काहीच नाही. आपणही गणिताची सूत्रं स्वतः शोधून काढलेली नसतात. पण पुढचा प्रश्न विचारला, "तो चांगला आहे हे कशावरून?" तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "चालतोय ना सर!"

'चालतोय' आणि 'चांगला आहे' यांत फरक काय, हे शिकवायला आम्ही नववीच्या वर्गात चार तास दिले. त्याची ही हकिगत आणि तुम्हाला वर्गात वापरता येईल अशी पद्धत. संगणक विषयाची पदवी माझ्याकडे नाही. मी विज्ञान शिकवतो. त्यामुळे इथे जे लिहिलंय ते कोणत्याही विज्ञान शिक्षकाला जमण्यासारखं आहे.

प्रश्न पंपावरून सुरू झाला

आमची शाळा परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात. वर्गातल्या निम्म्याहून जास्त लेकरांच्या घरी शेती. शेतीपंपाला थ्री फेज लाईट आळीपाळीनं मिळते, आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की घरातल्या कुणाला तरी उठून शेतात जावंच लागतं. अंधार, चिखल, साप-विंचू, रानडुकरं, हे काही नव्यानं सांगायला नको.

आमच्या एका विद्यार्थ्यानं प्रदर्शनासाठी दिव्याचं मॉडेल केलं होतं. पालकसभेला त्याचे वडील आले आणि म्हणाले, "सर, पोरानं केलंय ते आमच्या मोटारीला बसवून द्या की. रात्री बाराला लाईट येती. महिना झाला मी रोज उठायलोय."

मी म्हणालो, "भाऊ, एक आठवडा द्या. आधी ते तपासून बघू."

मॉडेलमध्ये पुठ्ठ्याचं घर होतं, इथे खरी पाच एचपीची मोटार होती. तोच प्रोग्राम, तेच दोन-तीनशे रुपयांचं सर्किट. चुकलं तर पुठ्ठ्याच्या घरात दिवा लागत नाही एवढंच. शेतात चुकलं तर मोटार जळते, किंवा विहिरीवर कुणी हात घातलेला असताना ती सुरू होते. म्हणून तपासणी वर्गात, सगळ्यांसमोर करायची ठरवली.

लायब्ररी म्हणजे काय, आणि 'मुक्त' म्हणजे काय

मुलांना 'लायब्ररी' म्हटलं की पुस्तकांचं कपाट आठवतं. मी मसाल्याचं उदाहरण दिलं. भाजी आपण करतो, पण मसाला तयार पुडीतला घालतो. प्रोग्राम लिहिणारेही असंच करतात. वायफायला जोडणं, निरोप पाठवणं, निरोप घेणं ही नेहमी लागणारी कामं कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेली असतात. तो तयार भाग म्हणजे लायब्ररी. 'मुक्त स्रोत' म्हणजे पुडीच्या आत काय काय घातलंय ते सगळं उघड, हवं तर तुम्ही बदलूही शकता.

आमच्या मुलांनी वापरलेली लायब्ररी होती 'पबसबक्लायंट'. निक ओ'लिअरी या इंग्लंडमधल्या प्रोग्रामरनं लिहिलेली. ईएसपी ८२६६ सारख्या छोट्या वायफाय चिपवर घरातले दिवे-पंखे चालवणारे हौशी लोक ती सर्रास वापरतात. ती 'एमक्यूटीटी' नावाच्या पद्धतीनं निरोपांची देवाणघेवाण करते. ही पद्धत १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी तयार केली. म्हणजे मुळातच दूर रानात, अडखळत्या नेटवर्कवर चालण्यासाठी. आपल्या शेतासाठी योग्यच म्हणायची.

पद्धत समजायला सोपी आहे. मधे एक 'ब्रोकर' असतो, म्हणजे गावातला पोस्टमास्तर समजा. फोन त्याच्याकडे निरोप देतो, "अमुक नावाच्या पेटीत १ टाका." चिपनं त्याच पेटीचं नाव सांगून ठेवलेलं असतं, म्हणून तो निरोप चिपकडे जातो. १ आला की चालू, दुसरं काही आलं की बंद.

बियाणं आणि शंभर दाणे

तपासणी म्हणजे काय हे मुलांना बियाण्यावरून लगेच कळलं. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर आधी उगवण क्षमता बघतात. कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग दर वर्षी मे-जूनमध्ये हेच सांगत असतात. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरणीला योग्य.

मी विचारलं, "दाणे दिसायला टपोरे आहेत, शेजाऱ्यानंही तेच पेरलंय, मग गोणपाटाचा उद्योग कशाला?"

एक मुलगी म्हणाली, "दिसण्यावर काय असतंय सर? मळणीत मार बसलेला असला तर दाणा दिसतो चांगला, पण उगवत नाही."

लायब्ररीचंही तसंच आहे. दिसायला चांगली, हजारोंनी वापरलेली, हे सगळं ठीक. पण आपल्या रानात पेरायच्या आधी शंभर दाणे आपणच गुंडाळून बघायचे. आम्ही चार पायऱ्या केल्या.

पायरी पहिली : परवाना वाचणे

प्रत्येक मुक्त लायब्ररीसोबत परवान्याची फाईल असते. ती कुणी वाचत नाही. पबसबक्लायंटचा परवाना 'एमआयटी' प्रकारचा आहे. मजकूर दोनशे शब्दांपेक्षाही कमी. इंग्रजीच्या तासाला तो मुलांकडून वाचून घेतला आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठीत लिहायला लावला.

अर्थ साधारण असा निघाला. वापरा, बदला, वाटा, विका, फक्त मूळ लेखकाचं नाव आणि हा मजकूर सोबत ठेवा. आणि शेवटी, ही वस्तू आहे तशी दिली आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर लेखक जबाबदार नाही.

वर्ग जरा गप्प झाला. एकानं विचारलं, "मग सर, मोटार जळाली तर?"

"तर आपली जळाली."

यात लेखकाचा दोष नाही. त्यानं फुकट दिलंय आणि आधीच सांगून दिलंय. बियाण्याच्या पिशवीवर लेबल असतं, तक्रार करायला जागा असते. इथे लेबलवरच लिहिलंय की तपासणी तुमची. म्हणजे 'मुक्त' या शब्दाचा अर्थ 'तपासलेलं' असा होत नाही, 'तपासायला मोकळं' असा होतो. हे एक वाक्य मुलांनी वहीत चौकटीत लिहिलं.

पायरी दुसरी : कोण सांभाळतं, कधीपासून

लायब्ररीच्या पानावर चांदण्या दिसतात. मुलांना वाटतं, जास्त चांदण्या म्हणजे जास्त सुरक्षित. चांदणी म्हणजे फक्त कुणाला तरी आवडलं. जत्रेत गर्दी असलेल्या दुकानाची भजी चांगली असतीलच असं नाही, एवढं त्यांना पटतं.

चांदण्यांपेक्षा तीन गोष्टी बघायला सांगितल्या. सांभाळणारे किती जण, शेवटची आवृत्ती कधीची, आणि लोकांनी कळवलेल्या अडचणींना उत्तरं मिळतात का. पबसबक्लायंटची २.८ ही आवृत्ती २०२० मध्ये आली आणि त्यानंतर कित्येक वर्षं पुढची आवृत्ती आली नाही. मुख्यतः एकाच माणसानं सांभाळलेलं काम. अडचणींची यादी मोठी.

मुलांचा लगेच निकाल, "म्हणजे जुनी आहे, खराब आहे." इथे थांबवावं लागलं. आजीचा पाटा-वरवंटा जुना आहे म्हणून खराब नाही. लहान, एकच काम करणारी लायब्ररी वर्षानुवर्षं न बदलता नीट चालू शकते. पण उद्या तिच्यात भोक सापडलं तर ते बुजवायला माणूस आहे का, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे वहीत 'खराब' असं न लिहिता लिहिलं, "काम चांगलं, राखणदार एकटा."

या लायब्ररीची एक गोष्ट मला फार आवडली. तिच्या माहितीपत्रकात 'मर्यादा' असा वेगळा भाग आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की ही लायब्ररी निरोप पाठवताना पोच घेत नाही, आणि निरोपाचा आकार २५६ बाइटपर्यंतच धरलेला आहे, वाढवायचा तर तुम्ही वाढवा. ज्या माहितीपत्रकात फक्त कौतुक आहे आणि मर्यादा एकही नाही, त्याच्याकडे जरा संशयानं बघा, असं मी मुलांना सांगितलं. आपण काय करू शकत नाही हे सांगणारा माणूस जास्त भरवशाचा.

पायरी तिसरी : उदाहरण ओळीओळीनं वाचणे

मुलं लायब्ररीसोबत आलेला नमुना प्रोग्राम जसाच्या तसा उचलतात. फक्त वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलतात. म्हणून तोच प्रोग्राम छापून आणला आणि धड्यासारखा वाचला. प्रोग्रामिंग न येणाऱ्या मुलांनीही वाचला, कारण प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा होता, "ही ओळ काय करते आणि आपल्या शेतात काय होईल?"

तीन जागी मुलं अडली.

एक, ब्रोकरचा पत्ता. नमुन्यात सगळ्या जगासाठी खुला असलेला सार्वजनिक ब्रोकर दिलेला आहे आणि पेटीचं नाव आहे 'इनटॉपिक'. लाखो लोकांकडे हाच नमुना आहे. म्हणजे जगात कुणीही त्या पेटीत १ टाकला तर आपला दिवा लागेल. आम्ही पेटीला दुसरं नाव दिलं आणि प्रयोग केला. मागच्या बाकावरच्या मुलीला फक्त ते नाव सांगितलं. तिनं दुसऱ्या फोनवरून १ पाठवला. दिवा लागला. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. हा लायब्ररीचा दोष नाही, नमुना शिकण्यापुरता आहे. पण घराच्या दाराला शिकण्यापुरती कडी लावून चालत नाही.

दोन, पुन्हा जोडण्याची पद्धत. ब्रोकरशी संपर्क तुटला की नमुना प्रोग्राम दर पाच सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो, आणि संपर्क होईपर्यंत दुसरं काहीच करत नाही. मुलांनी सर्किटला एक साधं बटण जोडलं होतं, हातानं बंद करण्यासाठी. नेट गेलं की ते बटणही मेलं! ज्या क्षणी हातानं बंद करायची गरज सर्वांत जास्त, नेमकं त्याच क्षणी. याच लायब्ररीत न अडकता पुन्हा जोडणारा दुसरा नमुनाही दिलेला आहे. तो शोधून वापरला तेव्हा बटण चालू लागलं.

तीन, शून्याला चालू. ईएसपी ८२६६ च्या बोर्डवरचा निळा दिवा उलटा आहे. पिनला शून्य दिला की लागतो. बाजारात मिळणारे कितीतरी रिलेही असेच उलटे असतात. याचा परिणाम पुढच्या पायरीला दिसला.

पायरी चौथी : लाईट घालवणे

ही खरी आपल्या गावाची परीक्षा. एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण बंद करायचं, वीसपर्यंत मोजायचं, पुन्हा चालू करायचं, आणि काय होतं ते लिहायचं. दहा-दहा वेळा. वर्गात फक्त पाच व्होल्टच्या चार्जरवर चालणारा बोर्ड आणि त्यावरचा छोटा दिवा होता. २३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या तासाला फळ्यावर लिहिला तो शेवटपर्यंत पुसला नाही.

पहिल्याच वेळी लाईट आली आणि निळा दिवा लगेच लागला. वायफाय जोडलेलं नाही, निरोप आलेला नाही. एक मुलगा ओरडलाच, "सर, कुणी काही बोललंच नाही तरी लागला!"

कारण शोधलं. पिनला 'बाहेर देणारी' केलं की, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, तिच्यावर शून्य असतो. आणि शून्याला चालू! म्हणून पिन उघडण्याआधीच तिच्यावर 'वर' ठेवायचं, अशी एक ओळ वाढवली. पुन्हा लाईट घालवली. आता दिवा बंद राहिला.

पण थोड्या वेळानं, वायफाय जोडल्यावर, परत लागला. हे कोडं सोडवायला अर्धा तास गेला. फोनमधल्या ॲपमध्ये 'रिटेन' अशी एक खूण होती. ती केली की ब्रोकर शेवटचा निरोप जपून ठेवतो आणि चिप नव्यानं जोडली गेली की तिला लगेच देतो. काल रात्री पाठवलेला १ पोस्टमास्तरनं जपून ठेवला होता. लाईट आल्याबरोबर तो पोहोचता केला. घरातल्या दिव्यासाठी ही सोयच आहे. लाईट गेली-आली तरी दिवा होता तसा लागतो. मोटारीसाठी हीच सोय घातक. ती खूण काढली तेव्हा दिवा नवा हुकूम येईपर्यंत बंद राहू लागला.

आता विचार करा. लाईट गेली तर काय होईल हा प्रश्न त्या नमुन्यात नाही, बहुतेक व्हिडिओंतही नाही. लिहिणाऱ्यांच्या गावात लाईट क्वचित जाते, म्हणून त्यांना तो सुचतच नाही. आपल्याला तो पहिल्यांदा सुचतो. इथे आपल्या गावच्या पोरांना इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रोग्रामरपेक्षा जास्त कळतं, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. चेहरे बघण्यासारखे झाले होते.

एका मोटारीचा नाही, डीपीचा हिशोब

मुलाच्या वडिलांना नेमकं हेच हवं होतं की लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी. त्यासाठी शेतकरी 'ऑटो स्विच' बसवतात. आणि महावितरण वर्षानुवर्षं सांगतं की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. का, ते आकड्यांत मांडलं. दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या पाठाला हे जोडून घेता येतं.

पाच एचपीची थ्री फेज मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. दहा मोटारी म्हणजे ७५. गावाबाहेरची ६३ केव्हीएची डीपी सुमारे ८४ अँपिअर देऊ शकते. म्हणजे दहा मोटारी आरामात बसतात. पण थेट सुरू होताना मोटार काही क्षण पाच-सहा पट विद्युतधारा ओढते. दहाही मोटारी ऑटो स्विचनं एकाच क्षणी उठल्या तर सहाच्या हिशोबानं ४५० अँपिअर. ८४ च्या डीपीवर ४५०! डीपी का जळते आणि मग पंधरा दिवस गाव अंधारात का राहतं, हे वर्गाला न सांगता कळलं.

आमच्या लायब्ररीतला जपून ठेवलेला १ म्हणजे दुसरं काय, नव्या कपड्यातला ऑटो स्विचच. उद्या गावात दहा पोरांनी हेच सर्किट बसवलं तर? एक मुलगी म्हणाली, "सर, प्रत्येकानं वेगवेगळा वेळ थांबून चालू केलं तर?" चांगला विचार. प्रत्येक चिपनं एक ते पाच मिनिटांतला कुठलाही वेळ चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा. डीपीवरचा झटका त्यानं वाटला जाईल. पण विहिरीवर हात घातलेल्या माणसाला ती मोटार कधी उठेल हे आणखीच कळणार नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसरा प्रश्न उभा करतं. हा खरा अभियांत्रिकीचा धडा.

लायब्ररी न बघणाऱ्या गोष्टी

प्रोग्राम म्हणतो 'बंद', म्हणजे मोटार बंद झाली का? रिलेचे संपर्क ठिणगीनं चिकटू शकतात. छोटा निळा रिले दहा अँपिअरचा असतो. त्यानं मोटार थेट चालवायची नसतेच, फार तर स्टार्टरच्या कॉइलला इशारा द्यायचा. तीनपैकी एक फेज गेला, विहीर कोरडी पडली, याची लायब्ररीला खबरही नसते. बाजारातल्या चांगल्या मोबाईल स्टार्टरमध्ये अशा वेळी मोटार बंद करण्याची सोय असते, त्याचे पैसे घेतात ते याच कामाचे.

सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी सुरक्षेची शेवटची कडी लोखंडाची आणि तांब्याची हवी. हातानं बंद होणारा मेन स्विच, नीट अर्थिंग, ओव्हरलोड रिले.

मोठ्यांचंही चुकतं, पण ते काय करतात?

कुणी म्हणेल, मग लहान लायब्ररी कशाला, मोठी नावाजलेली घ्या. तेही मुलांसमोर ठेवलं. 'होम असिस्टंट' हा घर स्वयंचलित करण्याचा जगातला फार मोठा मुक्त प्रकल्प. पाउलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला. मार्च २०२३ मध्ये त्याच्या एका भागात असं भोक सापडलं की लॉगिन न करता आत शिरता येत होतं. गंभीरपणाचा गुण दहापैकी दहा. आणि ते भोक २०१७ पासून तिथेच होतं. कोड सगळ्यांना दिसत होता, सहा वर्षं कुणी बघितलं नव्हतं. दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं.

पण पुढचं वागणं शिकण्यासारखं आहे. शोधणाऱ्यांनी आधी गुपचूप प्रकल्पाला कळवलं, दुरुस्ती लोकांपर्यंत पोहोचवली गेली, आणि मग प्रकल्पानं स्वतःच सगळं जाहीर केलं. चूक कधीच सापडली नाही असं सांगणाऱ्यापेक्षा, सापडल्यावर काय केलं हे सांगणारा बरा. लायब्ररी निवडताना तिच्या जुन्या चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या वाचा, त्यातून सांभाळणाऱ्यांचा स्वभाव कळतो.

दुसरी गोष्ट २०२४ ची. 'एक्सझेड' नावाच्या छोट्या मुक्त लायब्ररीत एकानं दोनेक वर्षं मदत करून विश्वास मिळवला आणि मग चोरदरवाजा बसवला. तो सापडला अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला, कारण लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि त्यानं ते सोडून दिलं नाही. मुलांना मी एवढंच म्हटलं, परवा निळा दिवा आपोआप लागला तेव्हा 'जाऊ द्या, लागला तर लागला' असं तुम्ही म्हणाला नाहीत. काम तेच आहे.

निकाल

चौथ्या तासाला मुलांनी एक पानी तपासणी अहवाल लिहिला. लायब्ररी प्रामाणिक आणि कामाची. नमुना प्रोग्राम शिकण्यासाठी उत्तम, बसवण्यासाठी अपुरा. घरातल्या एलईडी दिव्यासाठी, दुरुस्त्या करून आणि जोडणी वायरमनकडून करून घेऊन, योग्य. शेतातल्या मोटारीसाठी नाही.

हा 'नाही' त्या मुलाला लागला. वडिलांना काय सांगू, असं तो म्हणाला. मग तोच अहवाल घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. मुलानं स्वतः लाईट घालवून दाखवली, जपलेला १ आपोआप कसा दिवा लावतो ते दाखवलं. वडील बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे मी मोटारीपाशी वाकलेलो असताना ही अशीच उठली असती म्हणायची." मग पोराला विचारलं, "मग रात्रीचं काय रं?"

याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं, आणि आहे असं आम्ही दाखवलंही नाही. पण मुलानं दुसरी गोष्ट करून दिली. त्याच चिपनं, मोटारीला हात न लावता, एवढंच करायचं : घरच्या ओसरीत शेतीच्या लाईनचा दिवा लावायचा. शेतात स्टार्टरच्या पेटीजवळ चार्जरवर चिप ठेवली. लाईट आली की ती जागी होते, वायफाय गाठते आणि 'आले' असा निरोप पाठवते. शेत घरामागेच असल्यानं घरचं वायफाय तिथवर पोहोचतं. वडील आता लाईट आल्यावरच उठतात, वाट बघत जागत नाहीत. निरोप चुकला तर फार तर एक पाळी जाते, जीव जात नाही. जिथे चुकीची किंमत लहान आहे तिथेच फुकटची लायब्ररी आधी वापरायची, हा आमच्या चार तासांचा सार.

शिक्षक आणि पालकांसाठी : फळ्यावर लिहायचे प्रश्न

१. परवाना कोणता? त्यात हमीबद्दल काय लिहिलंय?
२. लायब्ररी मूळ जागेवरून घेतली की व्हिडिओखालच्या कुठल्या तरी दुव्यावरून?
३. कोण सांभाळतं? शेवटची आवृत्ती कधीची?
४. मर्यादा लिहिल्या आहेत का? जुन्या चुका आणि दुरुस्त्या दिसतात का?
५. नमुन्यातले पत्ते, नावं, पासवर्ड बदलले का?
६. लाईट गेली आणि आली तर काय होतं? दहा वेळा बघितलं का?
७. नेट गेलं तर हातानं बंद करता येतं का?
८. चुकलं तर नुकसान कुणाचं आणि किती?
९. गावात शंभर जणांनी हेच बसवलं तर काय होईल?

पालकांना एक विनंती. मूल घरी काही जोडत असेल तर रागावू नका आणि डोळे झाकून कौतुकही करू नका. शेजारी बसा आणि सहावा प्रश्न विचारा. त्यासाठी इंग्रजी किंवा कोडिंग यायची गरज नाही. आणि २३० व्होल्टची जोडणी मुलाकडून करून घेऊ नका, ते वायरमनचं काम.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाणाऱ्या शिक्षकांनाही सांगणं आहे. दिवा लागला की लगेच गुण देऊ नका. बोर्डाचं बटण बंद करा, वीसपर्यंत मोजा, पुन्हा चालू करा. मग मुलाला विचारा, आता जे झालं ते असंच व्हायला हवं होतं का? ज्या मुलाकडे या प्रश्नाचं उत्तर असेल, त्याचा दिवा नाही लागला तरी तो नंबर काढण्यासारखा आहे.